खुनी कळल्यानंतरची पानं

‘यातला खुनी मला निम्म्याच्या आतच कळला,’ असं मी वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, हात झटकले आणि खोलीवर परत गेले. पुढच्या रविवारी त्या ओळीखाली उत्तर आलेलं होतं. अक्षर मोठं, गोल, शाळेच्या फळ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचं. ‘मलाही कळला. तरी शेवटपर्यंत वाचा. खुनी कळल्यावरच खरं पुस्तक सुरू होतं. – व. ने.’

निमखेड्यात येऊन मला तेव्हा पाच-सहा महिने झाले असतील. माझं माहेर मालवणजवळ, आणि नेमणूक झाली ती थेट तापीकाठच्या या तालुक्याच्या गावात, ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढायला. दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि संध्याकाळी बोलायला समोर एक तोंड नसायचं, असे ते दिवस होते. फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली मी एकटीच पुटपुटत असे आणि नंतर माझी मलाच लाज वाटे. उन्हाळा असा, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसू नये. रविवार मला खायला उठायचा. म्हणून मी वाचनालयाची सभासद झाले.

वाचनालयाच्या दारातच एक फळा होता. वर रंगानं ‘वाचलंत का?’ असं लिहिलेलं. आपल्याला आवडलेल्या पुस्तकाबद्दल कुणीही त्यावर दोन ओळी लिहाव्यात, अशी ग्रंथपाल बडगुजरांची कल्पना. लिहिणारे थोडेच, आणि तेही बहुतेक ‘अवश्य वाचा, मनाला उभारी मिळेल’ असं लिहिणारे. व. ने. तसं लिहीत नसत. ‘चोर हुशार आहे, लेखक त्याहून कमी.’ ‘विषप्रयोगाची खरी हकिगत. जेवताना वाचू नका.’ ‘पानिपतावरचं. तहाची बोलणी वाचायला वेळ द्या, लढाई आपोआप कळते.’ मी त्यांनी सुचवलेलं पुस्तक नेत असे आणि परत करताना त्यांच्या ओळीखाली माझी एक ओळ लिहीत असे. आठवड्यातून एकदा कुणीतरी आपल्याला उत्तर देतंय, एवढ्यावर माझे मधले दिवस निघू लागले.

एका रविवारी मी मुद्दाम वाचनालय उघडायच्या वेळेला जाऊन बसले. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या सुती पातळातल्या एक बाई आल्या. खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी आपल्या रुमालानं फळ्याचा एक कोपरा पुसला आणि सरळ रेषेत लिहायला सुरुवात केली. वर्तमानपत्रं चाळत बसलेल्या माणसांपैकी एकानंही मान वर केली नाही, आणि न बघण्याचा तो प्रकार मला जरा विचित्र वाटला. लिहून झाल्यावर त्या खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसल्या. बाकी सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यांच्या टेबलाभोवतीच्या तेवढ्या तीन रिकाम्या. मी त्यातल्या एका खुर्चीत बसले आणि म्हणाले की फळ्यावर तुम्हाला उत्तरं लिहिते ती मी.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “ते डोंगरावरच्या बंगल्यातलं वाचलंस? त्यात माळ्याला उगाच आणलंय की नाही?”

वत्सला नेहेते. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांना बाई म्हणू लागले. त्यानंतरचे रविवार आमचे झाले, आधी वाचनालयात आणि मग त्यांच्या घराच्या ओट्यावर. त्या कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत माझ्यापुढे ठेवत आणि मी खात असताना पुस्तकांवर बोलत. त्यांची एक रीत होती. दर खेपेला त्या दोन पुस्तकं घेत, एक खुनाचं आणि एक इतिहासाचं, आणि दोन्हींबद्दल त्या वेगवेगळं विचारत.

खुनाच्या पुस्तकात त्यांना खुनी कोण याचं काही वाटायचं नाही. त्या घरची माणसं शोधत. एकदा म्हणाल्या, “बघ, एवढं जाडजूड पुस्तक. पोलिसाचा कुत्रासुद्धा काय खातो ते लिहिलंय. पण ज्यानं खून केला त्याची आई कुठाय? दोन ओळी. रडली आणि बेशुद्ध पडली. कुठल्याच पुस्तकात तिला याहून जास्त जागा नसते.” मी हसून म्हटलं की खुन्याच्या आईवर कोण कशाला लिहील. त्या हसल्या नाहीत.

इतिहासाच्या पुस्तकांची चौकशी अगदीच निराळी. अक्षर फार बारीक आहे का? मध्येच आठ दिवस सोडावं लागलं तर धागा पुन्हा सापडतो का? दोनदा वाचवेल असं आहे का? मला वाटे, बाईंची नजर मंदावत चालली असेल. मी माझ्या परीनं सांगत असे. माझ्या वडिलांना आरमाराच्या आणि दर्यावर्दींच्या इतिहासाचं वेड होतं, त्यामुळे त्यातलं मला बरंच ठाऊक होतं. मी सुचवलेलं पुस्तक बाई आधी वाचनालयातून आणून वाचत आणि आवडलं तर जळगावहून विकत मागवत. विकत घेतलेलं पुस्तक त्यांच्या कपाटात मात्र मला कधी दिसलं नाही.

मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होते त्या भारंबे काकूंनी एक दिवस मला वरच्या जिन्यावरून हाक मारली. रविवारी कुठं जाते ते त्यांना कळलं होतं. त्या वाईट बाई नव्हत्या. मी आजारी पडले तेव्हा माझ्या उशाशी बसलेल्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणून मला सगळं सांगितलं. बाईंचा एकुलता एक मुलगा उल्हास खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्याचं, विलास बोंडे नावाच्या मित्राबरोबर भागीदारीत. दोघं एका ताटात जेवणारे. कशावरून तरी बिनसलं आणि उल्हासनं दुकानातच विलासच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. प्रेत नेहेत्यांच्या मळ्यातल्या विहिरीत दगड बांधून टाकलं. वर, विलास हरवला म्हणून त्याला शोधत गावभर हिंडला, त्याच्या बायकोबरोबर पोलिसात गेला.

“आणि ही आई,” काकू म्हणाल्या, “विहीर हिची, मळा हिचा, पोरगा हिचा, आणि म्हणे हिला काही ठाऊक नव्हतं. विलासची बायको तान्ह्या पोराला घेऊन रोज हिच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. उल्हासभाऊजींना काही पत्ता लागला का विचारायची. ही तिला चहा करून द्यायची. सांग, कोण जाईल मग हिच्या दारात?”

त्या रात्री मी खूप विचार केला असं नाही. दुसऱ्या रविवारी पाय आपोआप तिकडे वळले, कारण दुसरीकडे वळायला मला जागाच नव्हती. बाईंनी दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं की सांगितलं का कुणी. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या की यापुढं यायचं नसेल तर मी नेलेलं पुस्तक बडगुजरांकडे दिलं तरी चालेल, वाईट वाटून घेऊ नकोस. मी म्हटलं की पुस्तक अर्धंच झालंय आणि त्यातल्या वकिलाबद्दल मला विचारायचंय. त्यांनी दारातून बाजूला होऊन मला वाट दिली. उल्हासचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. फक्त इतिहासाची पुस्तकं कुठं जातात ते मला त्या दिवशी समजलं. तुरुंगात खुनाची पुस्तकं आत घेत नसत. इतिहास चाले.

उन्हाळ्याच्या शेवटी ते पुस्तक आलं.

एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं आपल्या गाजलेल्या तपासांवर लिहिलेलं. वाचनालयात प्रत आली त्याच दिवशी फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपल्या गावची केस यात आहे. जरूर वाचा.’ खाली आणखी तिघांनी होकार भरला होता. जे कधी वाचनालयाची पायरी चढले नव्हते त्यांनीही नंबर लावले. बडगुजर अवघडून गेले. बाई त्या रविवारी आल्या नाहीत.

मी घरी गेले तर त्या मधल्या खोलीत पंख्याखाली नुसत्या बसलेल्या. समोर काही उघडलेलं नाही. मला वाटलं त्यांना फळ्यावरचं कळलेलं नसेल, पण त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, “ते पुस्तक तू घे. बडगुजरांना सांग, माझ्यासाठी हवंय, ते देतील आधी. पण मी नाही वाचणार. तू वाच. आणि मग मला सांग, वाचण्यासारखं आहे का.”

हे शब्द त्या प्रत्येक पुस्तकाबद्दल वापरत. पण त्या दिवशी ते म्हणताना त्यांनी पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं. मला वाटलं, त्यात आपल्याबद्दल काय घाण लिहिलीय याची त्यांना भीती आहे. कुणालाही तसंच वाटलं असतं.

मी पुस्तक आणलं आणि दोन संध्याकाळी ते वाचलं. चांगलं लिहिलेलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्या अधिकाऱ्याला बढाया मारायची सवय नव्हती. निमखेड्याची हकिगत मधोमध होती. नावं बदललेली, पण तापी तीच, केळीचे मळे तेच. विलासच्या बायकोबद्दल त्यानं हळुवारपणे लिहिलं होतं. उल्हासबद्दलही, आश्चर्य म्हणजे, तो राक्षस असल्यासारखं लिहिलं नव्हतं. रागाच्या एका झटक्यात माणूस कुठं जातो आणि मग खोटं कसं एकावर एक रचत बसतो, ते सांगितलं होतं. बाईंबद्दल अगदी थोडं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग तपास मळ्याकडे कसा वळला ते आलं, मळ्यावरच्या सालदाराची, सालगड्याची, साक्ष आली, विहीर उपसली, निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी थेट बाईंकडे गेले. पुस्तक पिशवीतून काढून मांडीवर ठेवलं. बोलायला काय तयारी केली होती ती सगळी विसरले आणि म्हणाले, “बाई, वाचण्यासारखं आहे. तुम्हाला त्रास होईल, पण तुमच्याविषयी वाईट काही नाही त्यात.”

“काय आहे?”

“आईला काहीच ठाऊक नव्हतं, असं तिनं सांगितलं. एवढंच.”

“सांगितलं.” त्या शब्दाची त्यांनी चव घेतल्यासारखं केलं. “बरोबर. ठाऊक नव्हतं असं नाही लिहिलं. सांगितलं असं लिहिलं. माणूस जपून लिहितो.” मग त्यांनी विचारलं, “आणि विहिरीकडे कसे आले ते?”

मी म्हटलं की खबऱ्याकडून कळलं असं आहे.

“ते वाक्य वाचून दाखव.”

मी पान शोधलं आणि वाचलं. “तपास थंडावला असतानाच एका खबऱ्यानं सांगितलं की संशयिताच्या मळ्यातली विहीर बघावी. या माहितीचा स्रोत मी तेव्हा उघड केला नाही आणि आजही करणार नाही.”

“पुढं काही नाही?”

“नाही.”

“बाई होती की पुरुष, काही?”

“नाही बाई. नुसतं खबऱ्या.”

त्या उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही, भांड्याचा नाही की पाण्याचा नाही. मी हाक मारावी की नको या विचारात असताना त्या परत आल्या आणि समोर बसल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

“मला वाटत होतं, त्यांनी लिहिलं असेल,” त्या म्हणाल्या. “देवाला हात जोडून बसले होते की लिहिलेलं असू दे. म्हणजे मला सांगावं लागलं नसतं.”

त्यांनी सांगितलं ते असं.

विलास नाहीसा झाल्यानंतरच्या आठवड्यात उल्हासनं सालदाराला, भिकाला, निरोप दिला की मळ्यातली मोटार चालू करायची नाही, बिघडलीय, मी दुरुस्त करीन. चैत्राचं ऊन. केळीची पानं करपून लोंबायला लागली. भिका दोनदा घरी येऊन सांगून गेला की बाग जाते आहे. आणि ज्याचा धंदाच मोटारी दुरुस्त करायचा तो मुलगा रोज बघतो म्हणायचा आणि बघत नसे. बाईंचे वडील शेतकरी. केळी डोळ्यादेखत वाळू देणारा माणूस विहिरीत वाकायला घाबरतो, हे त्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी विलासची बायको येऊन बसली. पोराला पदराखाली घेऊन तिनं विचारलं की बाई, ते नक्की येतील ना. बाईंनी तिला चहा करून दिला. ती गेल्यावर पातळ बदललं, डोळे तपासायला जाते असं उल्हासला सांगितलं आणि जळगावची बस धरली. त्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून त्या एवढंच म्हणाल्या की आमच्या मळ्यातली विहीर बघा. त्यानं नाव बाहेर न काढायचा शब्द दिला. परत येताना त्यांनी उल्हाससाठी शेव घेतली, कारण त्याला आवडायची. रात्री तो जेवला, शेवभाजी आणखी मागून घेतली. सकाळी पोलीस आले.

“त्याला कुणी सांगितलं असं वाटतं?” मी विचारलं.

“भिकानं. भिकानं साक्ष दिली ना मोटारीची. पोलिसांनी विचारलं म्हणून दिली, पण याच्या डोक्यात बसलंय की त्यानंच घात केला.” त्यांनी पदर सारखा केला. “त्याला आता सुटी मिळणार आहे. फर्लोवर पंधरवडा सोडतात. गेल्या भेटीत म्हणाला, आलो की पहिल्यांदा भिकाला भेटणार. कशाला भेटणार ते नाही बोलला. मी त्याची आई आहे, मला ऐकू आलं.”

भिकाला लेकरं होती, नातवंडं होती, हे त्यांनी मला सांगितलं. इतकी वर्षं त्यांनी उल्हासला का सांगितलं नाही, तेही मी न विचारता सांगितलं. महिन्यातून एकदा जाळीपलीकडून दिसणारं ते तोंड, ‘आई, हे पुस्तक झकास होतं’ म्हणणारं, एवढं एकच त्यांना उरलं होतं. गावानं टाकलेलंच होतं. आपल्या तोंडानं हे सांगायचं म्हणजे तेही आपल्या हातानं टाकायचं.

“मी एवढी खुनांची पुस्तकं वाचली,” त्या म्हणाल्या, “कुठंतरी एखादी असेल म्हणून. सांगून आलेली, आणि मग पोराला तोंड दाखवणारी. ती कसं बोलते ते बघायचं होतं. कुणीच लिहिलेली नाही.”

मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते.

भेटीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. बाईंनी पिशवीत आरमारावरचं एक पुस्तक घेतलं होतं. मीच सुचवलेलं. तुरुंगाच्या दारात माणसांची रांग होती, बहुतेक बायका, हातात डबे आणि पिशव्या. आत फक्त नातेवाइकांना सोडत, म्हणून मी बाहेर लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर बसले. माझ्या शेजारी एक म्हातारी तंबाखू मळत होती. तिनं मला विचारलं की तुझा कोण आत आहे. मी म्हटलं, कुणी नाही. तिला ते पटलं नाही आणि तिनं मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाई लवकर बाहेर आल्या. इतरांच्या भेटी अजून चालू होत्या. पुस्तक पिशवीत होतं तसंच होतं. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

“सांगितलं?” मी विचारलं.

“सांगितलं. भिका नव्हे, मी. एवढंच. मी पाठ करून गेले होते त्यातलं काही आठवलं नाही.”

“काय म्हणाला?”

“बरं म्हणाला.” त्यांनी तुरुंगाच्या भिंतीकडे बघितलं. “बरं म्हणाला, उठला आणि आत गेला. अजून वेळ होता आमचा. शिपायानं हाक मारली त्याला, तरी वळला नाही.”

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी दिली. सगळा रस्ता त्या बाहेर बघत होत्या. निमखेड्याला उतरल्यावर मला म्हणाल्या की आता दोन-चार दिवस येऊ नकोस. मी गेले नाही. गावात त्याच पुस्तकाची चर्चा चालू होती. आई सगळं पचवून बसली, असं नळावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यादेखत बोललं जात होतं. मला ते ऐकवेना. मी बाईंना जाऊन विचारलं की मी सांगू का लोकांना, एकालाच सांगते, आपोआप पसरेल. त्यांनी मान हलवली. “विलासच्या बायकोला कळलं तर ती माझे आभार मानायला येईल,” त्या म्हणाल्या. “ते मला सोसायचं नाही.”

उल्हास फर्लोवर सुटला तेव्हा निमखेड्याला आला नाही. नाशिककडे त्याचा मावसभाऊ होता, तिथं राहिला आणि मुदत संपल्यावर तिथूनच परत हजर झाला. भिकाच्या वाटेला तो गेला नाही. भिका शेवटपर्यंत बाईंच्या मळ्यावर राहिला. कशातून वाचला ते त्याला कधी कळलं नाही. बाईंनी त्या पंधरवड्यात रोज दोघांचा स्वयंपाक केला, हे मला भिकाच्या बायकोकडून समजलं. उरलेलं अन्न त्या तिला देत.

दर महिन्याच्या भेटीच्या दिवशी त्या जातच राहिल्या. नाव लिहून द्यायच्या, रांगेत उभ्या राहायच्या, आणि शिपाई आतून येऊन सांगायचा की तो येत नाही म्हणतो. मग त्या पुस्तक शिपायाकडे द्यायच्या. आत जाऊन त्याचं काय होतं हे कळायला मार्ग नव्हता. पुस्तक परत येत नाही म्हणजे निदान फेकत तरी नसेल, असं त्या म्हणत. मी त्यांना नवीन पुस्तकं सुचवत होते, पण आता त्या अक्षराचं आणि धाग्याचं काही विचारत नसत. जे सांगेन ते आणत आणि घेऊन जात. खुनाची पुस्तकं त्यांनी सोडून दिली. त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघी बसायचो आणि पुष्कळदा अंधार पडेपर्यंत एकही शब्द होत नसे. माझी बदलीची ऑर्डर आली होती. रत्नागिरी मिळाली होती, त्यातल्या त्यात घराजवळ. ते बाईंना कसं सांगावं, हे मला सुचत नव्हतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत होते. एका बैलगाडीच्या अपघातातल्या माणसाचा हात होता. दारावर कुणीतरी थापा मारायला लागलं. दार उघडता येणार नव्हतं, फिल्म खराब झाली असती. मी आतून ओरडले की थांबा. थापा थांबल्या नाहीत. शेवटी फिल्म निथळायला लावून मी दार उघडलं तर बाई उभ्या. बसस्टँडवरून थेट आलेल्या, पायांवर धूळ, पिशवी छातीशी धरलेली, आणि धाप लागलेली. व्हरांड्यातले पेशंट त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी त्या दिवशी कुणाकडे बघितलं नाही.

पिशवीतून त्यांनी पुस्तक काढून मला दाखवलं. सकाळी घेऊन गेल्या होत्या तेच, कोकणच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांचं.

“परत दिलं,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचा दंड धरला.

“अगं, तसं नाही. शिपाई आत घेऊन गेला आणि परत आला. म्हणाला, त्यानं सांगितलंय, हे माझं वाचून झालंय.” त्यांनी पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं. “म्हणाला, दुसरं आणा.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या बोटांना औषधाचा ओला वास येत होता.

“शुभदा, दुसरं कुठलं देऊ? चांगलं सांग. घाई नाही, पुढच्या महिन्यात न्यायचंय. नीट विचार कर आणि सांग.”